दारापासून दारापर्यंत

आलमबागेतल्या आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांसमोर "मेलबर्न चौदा तासांवर आहे" असं म्हणायची सोय नव्हती. "चौदा तास हवेत," ते लगेच दुरुस्त करायचे. "माणूस काय हवेत राहतो? दारापासून दारापर्यंत मोजावं." उभी हयात रेल्वेची वेळापत्रकं आखण्यात गेलेली. त्यांची एकुलती मुलगी मेधा मेलबर्नला होती. तिच्या दारापासून ह्यांच्या दारापर्यंत, दिल्लीला विमान बदलून, चोवीस तास लागतात हे गल्लीतल्या सब्जीवाल्या भैयालासुद्धा पाठ झालं होतं.

मेधाने निघताना फोन चालू ठेवून घराला कुलूप लावायचं, हा काकांचा दंडक. तो खटका ऐकला की त्यांचे चोवीस तास सुरू. "हाँ, सुनाई दिया," म्हणून ते फोन ठेवत आणि पिशवी घेऊन अमीनाबादच्या बाजारात पळत. मग दिवसभर मला जिन्यात गाठून विमान कुठवर आलं असेल ते सांगत. मी वैतागायचो, पण त्यांचा अंदाज कधी चुकायचा नाही.

चुकला तो एकदाच. काकू आजारी पडल्या तेव्हा रविवारी डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तरी काढतील. शेवटच्या स्टेशनाआधी गाडीला थोडी मिनिटं हातची राखतात, तसे काकांनी दोन दिवस हातचे राखले, प्रवासाचा एक दिवस धरला आणि मेधाला गुरुवारी निघायला सांगितलं. काकू मंगळवारी गेल्या. त्यांना बर्फावर ठेवणं काकांना सोसवेना. मेधा पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर काका विमानाचं नावही काढेनासे झाले. एका संध्याकाळी मात्र चहा घेताना म्हणाले, "माझ्या वेळी तिला लगेच बोलाव. मी नको म्हणेन. माझं ऐकू नकोस." मी हो म्हणालो.

गेल्या थंडीत छातीत दुखू लागलं म्हणून त्यांना इस्पितळात नेलं. मी फोन काढला तर माझं मनगट धरून म्हणाले, "कल देखेंगे यार. तिची नोकरी आहे." त्यांचा चेहरा बरा दिसत होता. मी फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची तब्येत बिघडली. मी मेधाला कळवलं. थोड्या वेळाने तिचा फोन आला आणि फक्त कुलपाचा खटका ऐकू आला. मी मोजू लागलो. पंधराव्या तासाला काका गेले. तिचं विमान अजून दिल्लीला उतरलं नव्हतं.

या वेळी आम्ही थांबलो. तिला वडिलांचा चेहरा तेवढा दिसला.

तेरावं झाल्यावर तिने खालच्या घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे दिली आणि ती निघाली. चोवीस तासांनी तिचा फोन आला, "पोचले, दादा. दारातच उभी आहे." इतके दिवस तिच्यापासून लपवलेलं मला आता पोटात ठेवणं जमेना. काकांनी माझ्याकडून घेतलेला शब्द आणि मी त्यांचं ऐकून घालवलेला तो दिवस, सगळं सांगून टाकलं.

तिकडे कुलूप उघडल्याचा खटका ऐकू आला.

"आईच्या वेळी मी रविवारीच तिकीट काढत होते," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, गुरुवारी नीघ, वेळ आहे. मीपण ऐकलंच ना, दादा."