दुपारचं पाणी

विलास,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर कुठून सुरू करावं ते मला उमगत नाहीये, म्हणून भुसावळ स्टेशनपासूनच सुरू करतो. मला सुरतेच्या गाडीत बसवायला तुम्ही सगळे आला होतात. आईने कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती, आणि ती शिदोरी इतकी होती की गाडी वाट चुकून दिल्लीला गेली असती तरी मी उपाशी राहिलो नसतो. तुझी वहिनी नवी नवरी होती, ती तुम्हा लोकांसमोर रडावं की नाही या विचारात होती. आणि आबा पहिली पाळी संपवून वीज केंद्राच्या कोळशाच्या यार्डातून थेट आले होते. अंघोळीला वेळच मिळाला नव्हता. डोळे आणि दात सोडले तर माणूस सगळा काळा. माझा नवा शर्ट खराब होईल म्हणून ते चार हात लांब उभे राहिले. मी पाया पडायला वाकलो तर मागे सरकले, म्हणाले, ऱ्हाऊ दे. गाडी हलल्यावर मात्र खिडकीपाशी आले आणि चालता चालता म्हणाले, "तठे बी कोयसाच शे. घाबरू नको."

तिथेही कोळसाच आहे. एवढ्या एका वाक्यावर मी चौदा वर्षं सुरतेत काढली.

मी का निघालो ते तुला ठाऊक आहे, पण आपण कधी बोललो नाही. ठेकेदाराने सांगितलं होतं की एका घरातले तीन जण ठेवता येणार नाहीत, एकाला कमी करणार. आबांना काढलं तर ते घरी बसून जीव देतील, तू नुकताच लागलेला. उरलो मी. तू राहिलास आणि मी गेलो, याचा मला तेव्हा थोडा राग होता आणि थोडा अभिमान. आता दोन्हींतलं काय शिल्लक आहे ते शोधायला गेलो तर हाताला लागत नाही.

आबा स्वतः तरी कुठे तिथले होते. अमळनेरकडून कामासाठी आले, त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं नाही की सर्टिफिकेट. मुकादमाने हातात पाण्याचा पाइप दिला आणि कोळशाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. कोळसा नुसता उन्हात पडून राहिला तरी आतून तापतो आणि आपला आपण पेटतो, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. आबांनी ते नाकाने शिकून घेतलं. पेटण्याआधी ढिगातून रॉकेलसारखा गोडसर वास येतो, तो वास त्यांनी मला शिकवला, मी तुला शिकवला. आणि दुपार झाली की पाइप. "ऊन पडनं की कोयसाले तीस लागस," असं ते म्हणायचे. उन्हं वाढली की कोळशाला तहान लागते. तापलं की पाणी मारायचं. आपल्या घराला वेद म्हणा, शास्त्र म्हणा, एवढंच येत होतं.

सुरतेत आबांचं वाक्य खरं ठरलं. सुरतेजवळ सचिन नावाची कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर लागलो. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेला आग लागते आणि आगीला कोळसा. उधन्याला खोली घेतली, गल्लीत निम्मे लोक धुळ्या-नंदुरबारचे, भाजीवालीसुद्धा अहिराणीत भाव सांगायची. मी पुढे परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झालो. आग पांढरी झाली की काय, लाल झाली की काय, चिमणीचा धूर काळा निघाला की हवा कुठे कमी पडतेय, हे मला बघताक्षणी कळायचं. शेठ पाहुण्यांना घेऊन यायचे तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे की आ अमारो बॉयलरवाळो, आने पूछो. कोणी काही विचारायचं नाही, पण छाती फुगायची ती फुगायचीच.

मग गेल्या वर्षी कोळशाचा बॉयलर काढला. त्या जागी गॅसचा आला. तो बटण दाबलं की पेटतो, आणि त्याच्यासमोर एक जण पडद्याकडे बघत बसतो. मिलच्या शेडवर सोलर बसवलं. आम्ही सात जण होतो, दोघांना गॅसवर ठेवलं, पाच जणांना तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं, की हे शिका, पुढे कामं यातच आहेत. विलास, मी घर सोडलं तेव्हा मला कळत होतं की मी चाललो आहे. या वेळी मी रोज त्याच बसने त्याच सचिनला जात होतो, तोच डबा, तोच फाटक, आणि तरी कुठेतरी लांब टाकल्यासारखं वाटत होतं. हे कुणाला सांगणार? खांद्यावर पिशवी नसलेल्या माणसाला कोणी निरोप देत नाही.

शिकवायला काजल नावाची मुलगी होती. वय पंचवीस असेल नसेल. आईवडील नंदुरबारचे, पण ही जन्मली सुरतेत, त्यामुळे समजावायची हिंदीत, रागवायची गुजरातीत. मला काका म्हणायची, मी तिला मॅडम म्हणायचो, दोघांनाही ते अवघड जायचं. आम्ही पाच बॉयलरवाले मागच्या बाकावर. पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं की पॅनेल धुवायचे ते सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. दुपारी काच भट्टीसारखी तापलेली असते, तिच्यावर गार पाणी पडलं तर ती तडकते. मी ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली. ती वही अजून आहे माझ्याकडे.

वैशाखातली दुपार होती. मिलच्या शेडवरच प्रॅक्टिकल चाललेलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे टाकीच्या सावलीत बसले होते, मी हात धुवायला उठलो. पाइप तिथेच पडला होता. जाता जाता एका पॅनेलला सहज हात लावला, तर चटका बसला. त्यानंतर काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी विचार केला असता तर वही आठवली असती. पण विचार केलाच नाही. चटका बसला आणि हाताने पाइप उचलला. तापलंय ना, मग पाणी. तड असा आवाज झाला आणि पूर्ण काचेवर जाळं पसरलं.

काजल धावत आली. "काका, आ शुं कर्युं? बपोरे पाणी नहीं नाखवानुं," एवढंच म्हणाली. दुपारी पाणी नाही टाकायचं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी पाइप धरून उभा, पाणी माझ्याच चपलेत. मागे आमच्यातलाच एक जण हसला, आणि मला त्याचा राग नाही आला, कारण मीही हसलोच असतो.

दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. तुझ्या वहिनीला सांगितलं नाही. चार दिवस डबा घेऊन निघायचो आणि उधना स्टेशनवर भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या बघत बसायचो. चढायचं धाडस नव्हतं आणि उठायचंही नव्हतं. मनात एकच यायचं, की माझ्या अंगात जे काही शहाणपण आहे ते सगळं आता चुकीचं ठरलंय. ते विसरायचं म्हणजे कोणाला विसरायचं? पाइप उचलला तो माझा हात होता की आबांचा?

चौथ्या दिवशी तिथूनच आबांना फोन लावला. तू तेव्हा पाळीवर होतास. सगळं सांगितलं. ते बराच वेळ खोकत होते, मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाले, "काच फुटनी ते फुटनी. हात ते शाबूत शेतस ना?"

मी परत गेलो. काजल म्हणाली, फुटलेलं पॅनेल शिकवायलाच उपयोगी पडेल, आणि पडलंही. आता ती प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगते की एक काका होते, त्यांनी दुपारी पाणी मारलं. नाव सांगत नाही, एवढी मेहरबानी. एकदा मात्र जुन्या शिक्षणाने लाज राखली. एका छतावर मला जळका वास आला, मी सांगितलं की या पॅनेलच्या मागे वायर तापतेय. मीटरवाल्याला काही दिसेना. उघडून बघितलं तर जोड करपलेला. सगळ्यांनी पाठ थोपटली, मीही घरी येताना जिलबी आणली. पुढच्या आठवड्यात कंपनीने उष्णता दाखवणारा कॅमेरा घेतला. आता तो आधी बघतो, मग गरज पडली तर मी वास घेतो.

सर्टिफिकेट मिळालं, काम मिळालं. सचिनपासून कामरेजपर्यंतच्या छतांवर पहाटे पॅनेल धुतो, जोड तपासतो. आणि दुपारी बसतो. याची मला अजून सवय होत नाही. आपल्याकडे प्लांट जोरात चालला की आपण जोरात राबायचो. इथे ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हा ते पॅनेल आपले आपण काम करतात, आणि मी सावलीत. फुकटचं खाल्ल्यासारखं वाटतं. रुमाल पांढरा राहतो. खोकला गेला. तुझी वहिनी खूश आहे, आमची पिंकी शाळेत सांगते की मारा पप्पा सोलरमां छे. मग मला काय झालंय? मी सुखी असायला हवं, आणि नाहीये असंही नाही. पण कोणी कामाचं नाव विचारलं की तोंडात अजून बॉयलर येतं.

आता तू विचारतोस, केंद्रातला जुना संच तर बंद झालाच, आता यार्डातली माणसंही कमी करणार, दादा, येऊ का सुरतला? सोलरचं शिकून घेतो. दिवाळीनंतर नवी बॅच आहे आणि काजलला या आठवड्यात नावं हवी आहेत. तीन आठवडे झाले, मी तुला उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, दादा काम नीट आहे की नाही याची चौकशी करतोय. चौकशी कसली, मी रोज तेच करतो.

खरं कारण लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. मागच्या वेळी घरी आलो तेव्हा भुसावळहून रिक्षा केली. आपल्या फाट्याला मी कधी पाटी वाचली नाही, जुन्या संचाचं धुराडं झाडांच्या वर दिसलं की सांगायचो, इथे थांबव. या वेळी बोलत बसलो आणि रिक्षा कितीतरी पुढे गेली. धुराडं पाडलंय हे तू फोनवर सांगितलं होतंस, मी हूं म्हटलं होतं. चालत मागे आलो. घाम फुटला होता. आणि मग तू दिसलास, फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा, यार्डातून तसाच आलेला, काळा. म्हणालास, दादा, शर्ट खराब होईल, जरा सांभाळून बस. तेव्हा मला घर आल्यासारखं वाटलं.

म्हणून उत्तर देत नव्हतो. मी इथे कितीही वर्षं राहिलो तरी गावी आपलं घर आहे असं मला म्हणता येतं, कारण तू तिथे आहेस. तू आलास तर आबा-आईलाही आणशील, आणावंच लागेल, आणि मग दाराला कुलूप. मी घर सोडून जावं, आणि तू मात्र माझ्यासाठी ते धरून काळा होत बसावंस, असं माझ्या मनात होतं. हे कळायला मला तीन आठवडे लागले. माफ कर.

काल काजलला तुझं नाव दिलं. तुला न विचारता. नको असेल तर काढू. हे काम चांगलं आहे का, ते मला खरंच माहीत नाही. टिकेल का, तेही नाही. आज सोलर, उद्या आणखी काही येईल आणि कोणीतरी पोरगी आपल्याला काका म्हणून नव्याने शिकवेल.

एक गोष्ट मात्र नक्की सांगू शकतो. उधन्याची आपली खोली वरच्या मजल्यावर आहे आणि तिच्यावर पत्रा आहे. दुपारी तो असा तापतो की आत बसवत नाही. सुट्टीच्या दिवशी मी शिडी लावून वर चढतो आणि पाइपने पत्र्यावर पाणी मारतो. चर्र आवाज होतो, वाफ उठते, खालून तुझी वहिनी ओरडते की अजून मारा. गल्लीतले हसतात. अख्ख्या सुरतेत ती एकच जागा आहे जिथे तापलं की पाणी मारलेलं चालतं. आबांना ते बघून बरं वाटेल.

तू आलास की ते काम तुझं.

तुझा,
दादा