संपाच्या हिवाळ्यात दोन दारांच्या मधे

देश स्वतंत्र झाला त्याच्या मागंपुढंच माझा जन्म. शाळा चौथीपर्यंत. बाहेरच्या देशांशी आपण कसं वागतो वगैरे मला कुठलं कळायला! जे कळलं ते आमच्या ह्यांच्याकडून. इंग्लंडात, नॉटिंगहॅमला हे बस चालवायचे, पाठ गेली नि घरी बसले. मग दिवसभर रेडिओ. "आपला देश अमेरिकेच्या गटात नाही, रशियाच्याही नाही," असं छाती काढून सांगायचे. "अलिप्त! दोघांशी बोलायचं, पण कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही."

मी म्हणायची, "देशाचं राहू द्या, कोबी चिरा."

मग कोळशाच्या खाणवाल्यांचा संप आला. आमच्या घराच्या एका बाजूला हिरव्या दाराची बाई, दुसऱ्या बाजूला लाल दाराची. दोघी गोऱ्या, दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच खाणीत. हिरवीचा नवरा कामावर जात राहिला, लालचा संपावर बसला; पगार बंद, नि खाणीच्या फाटकाशी रोज पोलिसांशी झटापट. तेव्हापासून जावाजावांचं बोलणं बंद.

माझी पंचाईत बघा. घर माझ्या एकटीच्या पगारावर. मोज्यांच्या फॅक्टरीत मी नि हिरवी एकाच शिफ्टला. पहाटे बस नसायची, ती गाडीतून न्यायची. मुलीला दुपारी शाळेतून लाल आणायची, कारण ह्यांना कोपऱ्यापर्यंतही चालवत नव्हतं. दोघींतली एक जरी तुटली तर माझी नोकरी गेली.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात दोघींनी मला धरलंच. गाडीत हिरवी म्हणाली, "डक," – तिकडं प्रेमानं असंच हाक मारतात – "तू तिच्याकडे डाळ पाठवतेस म्हणे. त्यांच्या बाजूची झालीस का?" संध्याकाळी लाल माझ्या दारात. "तिच्या गाडीत बसायचं असेल तर मुलीला आणायला दुसरं कुणी बघ."

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "हीच अलिप्ततेची परीक्षा."

"हो, अभ्यास तुमचा नि नापास मी!"

आमच्यात कितीही वाकडं असलं तरी तिळगुळाला नाही म्हणत नाहीत. मी लाडू केले. पाक पुढं गेला, लाडवांचे गोटे झाले. आता आधी कुणाच्या दारी जायचं? जिच्याकडे आधी, तिची बाजू घेतली असं होणार. हे म्हणाले, "दोन्हीकडे एकदम." मग हे काठी टेकत हिरव्या दाराशी, मी लाल दाराशी. ह्यांनी मान हलवली नि आम्ही एकाच वेळी दार वाजवलं.

लालला मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, "मी तुझ्या बाजूची नाही, तिच्याही नाही. तुझ्या पोरांना डाळ देणार, तिच्या गाडीत बसणार. पटत नसेल तर सांग, नोकरी सोडते. पण हा लाडू खा नि गोड बोल."

तिनं चावून बघितला. "हा खायचा की पोलिसांवर फेकायचा?"

पलीकडे हिरवी फसकन हसली. दोघींची नजरानजर झाली नि लगेच दोघींनी तोंडं फिरवली.

"मुलीला आणीन," लाल पुटपुटली. "पण तिचं नाव माझ्या घरात काढायचं नाही."

"गाडीत तिचा विषय नको," हिरवीनं ह्यांना बजावलं.

करार झाला म्हणून हे इतके खूश, की काठी तिथेच विसरून आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिरवीच्या गाडीत बसले. काचा धुक्यानं भरलेल्या, ती बाहीनं पुसत होती. मग एकदम म्हणाली, "तिच्या पोरांना धड बूट आहेत का गं?"

"तिचा विषय नको म्हणाली होतीस ना?"

"जास्त बोलू नकोस. सांग."

मी सांगितलं, धाकट्याचे फाटलेत.