लाल न येणारा बोल्ट

ऑस्ट्रेलियातल्या व्हायल्ला गावच्या क्लेम ट्रेगेन्झाची बायको वर्ना पक्षाघातानंतर बोलेनाशी झाली. तिच्या चाकाच्या खुर्चीला टायटॅनियमचे बोल्ट लावताना क्लेमनं विचारलं, "कुठला रंग देऊ गं?"

"लाल," कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती बोलली आणि पुन्हा गप्प झाली.

क्लेम सोड्याच्या पाण्यात बोल्ट बुडवून, धातूवर रंग चढावा म्हणून कमीजास्त वीज सोडत राहिला. पिवळा, जांभळा, निळा, हिरवा आला. लाल काही येईना. शेजारीण नोलीन म्हणाली, "अरे बाबा, या धातूला लाल चढतच नाही."

"तिनं एवढंच मागितलंय गं!" तो रडकुंडीला आला.

शेवटी हरून त्यानं गुलाबी बोल्ट वर्नाच्या तळहातावर ठेवला. तिनं तो निरखला.

"हा लाल नाही!" ती चिडून म्हणाली.

क्लेम तिच्या पायाशी बसून हुंदके देऊ लागला. "नाहीच गं. अजून रागव, बोलत राहा."