कापसाच्या खोलीतली डबी

डबी माझ्या मुठीत मावेल एवढी होती. भौतिकशास्त्राच्या सरांनी झरी जामणी तालुक्यातून येणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना एकेक दिली होती. जमिनीतून, दगडांतून रेडॉन नावाचा वायू निघतो आणि बंद घरात साचतो. वर्षानुवर्षे श्वासात गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. तो आमच्या घरात किती आहे, हे डबीतल्या फिल्मवरून कळणार होतं. तीन महिने तिला कुणी हलवायचं नव्हतं, म्हणून मी ती आतल्या दगडी खोलीत खुंटीला टांगली.

दिवाळीनंतर त्या खोलीत कापूस आला. भाव पडला होता. बाबांनी तो विकला नाही. ढीग वाढत खिडकीवर चढला. मग ताई पहिल्या बाळंतपणाला आली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून मायनं तिची खाट त्याच खोलीत टाकली आणि दाराला गोधडी लावली. मुलगी झाली.

त्याच आठवड्यात तीन महिने भरले आणि मी डबी परत नेऊन दिली. पंधरा दिवसांनी सरांनी कागद दिला. सगळ्यांत मोठा आकडा आमच्या घराचा होता. सर म्हणाले, "घाबरू नका. हे काही आठ दिवसांत होत नाही. पण खिडकी उघडी ठेवा आणि दुसरी डबी लावा."

चार दिवस मी घरी काहीच बोलले नाही. कॉलेज पाहिलेली घरात मी पहिलीच; माझं चुकलं तर? कागद वहीतच राहिला. बाळ शिंकलं तरी मी गोधडी सारून आत डोकावायचे.

पाचव्या दिवशी, सकाळी जेवताना, सांगून टाकलं.

मायनं विचारलं, "वास येते का त्याचा?"

"नाही."

"दिसते?"

"नाही."

"मंग तुलेच कसा समजला? तीन लेकरं याच खोलीत झाली मले. काय झालं तुमाले?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

बाबा ताटाकडेच बघत म्हणाले, "अन् कापूस कुठी नेऊ? आंगनात दवानं भिजला त व्यापारी हात लावन का?"

गोधडीआडून ताईचा आवाज आला, "माय, आधीच कापसानं आंग खाजून राह्यलं. आता हा वायू. तिले शिकाले धाडलं कायले मंग, तिचं आयकाचंच नाही त?"

मायनं ताट सरकवलं आणि उठून गेली. मला वाटलं, संपलं.

दुपारी बाबा कापूस गाठोड्यांत बांधू लागले. एकेक गाठोडं बाहेरच्या सोप्यात आलं. आम्हाला पाय ठेवायला जागा उरली नाही. खिडकीची कडी गंजली होती. बाबांनी दगडानं ठोकून ती उघडली. मी दुसरी डबी त्याच खुंटीला टांगली.

मायनं ताईच्या कानांना फडकं बांधलं, बाळाला लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलं. तरी तिचं समाधान होईना. शेवटी खिडकीकडे पाठ करून ती खाटेच्या कडेला बसली, वारा आणि बाळ यांच्या मधोमध.

"किती वेळ ठिवाची उघडी?" तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

"जमन तितका वेळ."

"बरं," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.