आठ पायांची सोयरीक

चिप हातात आली की ढोलेसाहेब तिचा नंबर वाचत नसत. तळहातावर ती पालथी करत आणि पाय मोजत. बैल घेणारा माणूस निदान दात तरी तपासतो. मलकापुरात त्यांचं यंत्रदुरुस्तीचं दुकान होतं आणि बाजारात ‘मोठे इंजिनेर’ म्हणून त्यांना मान होता. जानेफळच्या शाळेतून शिकून घरातला पहिला पदवीधर झालेल्या मला पहिली नोकरी त्यांनीच दिली. त्या आनंदात मी कितीतरी दिवस त्यांच्या अज्ञानाला अनुभव समजत होतो.

आमच्याकडे येणाऱ्या यंत्रांत बहुधा ऑप-अँप बिघडलेला असे. विजेचा बारीक इशारा मोठा करून देणारी ही छोटी काळी चिप. तीच मिळाली नाही तर बदली निवडताना बरंच पाहावं लागतं: ती किती व्होल्टवर चालते, शून्याच्या किती जवळ उतरते, वेग किती. साहेबांचं शास्त्र मात्र एवढंच, “पाय जुळले का? मंग सोयरीक पक्की!” एका भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरात त्यांनी अशीच सोयरीक जमवली आणि तो शिट्ट्या मारू लागला. मंडळी तक्रार घेऊन आली, तर म्हणाले, “नवा हाय, गळा साफ करून राह्यला.” लोक हसले. मीही हसलो.

मग एका प्रसूतिगृहाचं बेबी वॉर्मर आलं. कमी वजनाचं बाळ त्यात ठेवतात. अंगाचं तापमान पाहून हीटर आपोआप लागतो, बंद होतो. त्यातली ३५८ नंबरची चिप गेली होती. साहेबांनी गाण्याच्या ॲम्प्लिफायरातली ४५५८ बसवली. आठही पाय तंतोतंत जुळत होते. पण यंत्राच्या तेवढ्या कमी व्होल्टवर ती शून्याजवळ उतरतच नाही, म्हणजे आकडा एका ठिकाणी अडकून खाली येत नाही, हे चिपच्या माहितीपत्रकावरून स्वच्छ कळत होतं. पडद्यावर छत्तीस अंश उमटले.

“बस, झालं. दे पाठवून.”

मी समोरच्या रसवंतीतून पेलाभर बर्फ आणला आणि सेन्सर त्यात बुडवला. आकडा छत्तीसच.

साहेब वाकून पाहत राहिले. मला वाटलं, आता कळलं. तर म्हणाले, “बर्फातही छत्तीस! पाह्य बे, काय मजबूत चिप हाय. हालत नाही!”

“साहेब, बाळ गार पडलं तरी यंत्र छत्तीसच दाखवेल. हीटर लागणारच नाही.”

“मंग सिस्टरले हात नाहीत का? पाह्यन ना लावून! तू लय शिकला, हेच दुखणं हाय तुयं.”

तेवढ्यात प्रसूतिगृहातून सिस्टरांचा फोन आला. साहेबांनी तो माझ्या हातात कोंबला. “सांग, तयार हाय.”

मी म्हणालो, “सिस्टर, यंत्र दुरुस्त झालेलं नाही. बाळाला यात ठेवू नका.”

“चाल, निंघ!” साहेब ओरडले. “घरी बसून डिगरी चाट आता!”

सिस्टरांनी वॉर्मर उचलून अकोल्याला पाठवलं. गावात साहेब सांगत सुटले, की पोरानं चांगलं गिऱ्हाईक तोडलं. ते वडिलांच्या कानावर गेलं. “पहिली नोकरी देल्ली त्यानं तुले,” ते म्हणाले. “जा, माफी मांगून ये.”

वडिलांचा शब्द मी तोवर कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.