बेंबीभोवतीचे चार डाग

"शर्ट काढ," सर म्हणाले. काढला. "पँट." तीबी काढली. बारामतीतल्या आमच्या ॲकॅडमीच्या हॉलमधी मी नुसत्या चड्डीवर उभा, आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाहुणे. मधल्या खुर्चीत आबा. ॲकॅडमीची जागा आबांची, इमारत आबांची, आणि सरांची मानपण आबा हलवतील तशी हलायची. पाहुण्यांच्या हातात भज्यांच्या प्लेटा. बाकीची पोरं भिंतीकडंला रांगेत उभी.

मी एअरफोर्सात पायलट व्हायला निघालो होतो. मुलाखतीचं बोर्ड पास झालो होतो, आता फक्त मेडिकल राहिलं होतं. त्याची तालीम म्हणून सरांनी गावातलाच एक डॉक्टर बोलावला होता. उंची, वजन, पाठ, गुडघे, कान, दात. विमानात बसायचं म्हणजे मांडीची लांबी आणि बसल्यावरची उंचीसुद्धा मोजतात. मोजा की. माझी कशाला हरकत असंल? पण मापं घ्यायला भजी कशाला लागतात आणि बघायला माणसं कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर माझ्यापुढं वाकला. तोंडात भजं तसंच. बेंबीकडं बघून थांबला.

"हे काय रे?"

"डाग हायत. ल्हानपणी दिलेलं."

बेंबीच्या चारी अंगाला एकेक डाग आहे माझ्या. त्यानं तेलकट बोट एकेका डागावर दाबून बघितलं. मग मागं वळून मोठ्यानं म्हणाला, "आबा, बघा हो. जनावराला डागतात तसं डागलंय पोराला!"

आबा म्हणाले, "धनगराचं हाय ते. मेंढरात चुकून डागलं आसंल."

हॉल हसला. पाहुणे हसले. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी, माझ्या डब्यातलं खाणारी पोरं हसली. सरपण हसले, आबांकडं बघत बघत.

पोटावर तेल तसंच चमकत होतं आणि ते पुसायला माझा हात उचलत नव्हता. शिसारी आली. त्या बोटाची आली, त्या चघळणाऱ्या तोंडाची आली. आणि खरं सांगतो, त्या घडीला स्वतःच्या पोटाचीपण आली. ही दुसरी शिसारी त्यांनी माझ्या अंगात घातली. ती मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

माझ्यानंतर रणजीत. रणजीत म्हणजे आबांचा पोरगा. तोही माझ्याबरोबरच बोर्ड पास झालेला. आम्हा दोघांचा फ्लेक्स इंदापूर रस्त्याला कधीच लागला होता, 'भावी वैमानिक' म्हणून. आमच्याकडं असंच. मेडिकल होऊ दे नाहीतर न होऊ दे, फ्लेक्स आधी. त्यावर आबा हात जोडून भले मोठे, रणजीत त्यांच्या खांद्याएवढा, आणि मी खाली कोपऱ्यात फेटा बांधून.

रणजीतला हॉलमधी कपडे काढायला लावले नाहीत. त्याला आतल्या ऑफिसात नेलं. टेप धरायला मला बोलावलं, म्हणून मला दिसलं. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. त्या ठिपक्यांत आकडा लपवलेला असतो. ज्याला लाल-हिरवं कळतं त्याला तो पटकन दिसतो. रणजीतला पहिल्या पानावरचा दिसला. पुढच्या पानांवर त्याला काहीच दिसंना. तो नुसता पान उलटायची वाट बघत बसला.

सर उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

डॉक्टर म्हणाला, "दमलेत डोळे. काय नाय, पाठ होईल." आवाज एकदम मऊ. आता भजं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. "तुझे डोळे चांगले हायत. रणजीतकडनं ती पानं रोज संध्याकाळी पाठ करून घे. तुझ्या पोटाचं मी बघतो. वळखीचा कातडीचा डॉक्टर हाय, तो घालवंल डाग. आणि मेडिकलला कुणी विचारलंच, तर सांगायचं ल्हानपणी गरम दूध सांडलं. म्हण बघू."

"गरम दूध सांडलं."

"तोंड पडू द्यायचं न्हाय. परत म्हण."

परत म्हणलं. मेंढरांच्या तळावर वाढलो मी. बेंबीला मधी सोडून नेमकं चार बाजूंना सांडणारं हे कसलं दूध, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. पायलट व्हायचं होतं मला. शेतावरनं लांब, लहान दिसणारं विमान मान मोडेपर्यंत बघत आलो होतो. त्याच्यासाठी म्हणलं, चार शब्दांचं खोटं गिळू.

रोज संध्याकाळी रणजीत खाटेवर पाय पसरून बसायचा आणि मी पानं उलटायचो. पुस्तकाचा कोपरा, ठिपक्यांची नक्षी, असल्या खुणांवर तो आकडे पाठ करायचा. एकदा हळूच म्हणाला, "तुला खरंच दिसतंय व्हय रं?" तेव्हा मला त्याची कीव आली. डोळे तसे जन्मले यात त्याचा काय गुन्हा? कुणी मायेनं सांगायला पाहिजे होतं, बाबा, दुसरं काय तरी कर. पण आबांच्या घरात 'जमणार नाही' हा शब्द कुणी उच्चारत नसावं.

कातडीच्या डॉक्टरनं विचारलं, डाग कशानं दिले, केव्हा दिले. मला सांगता येईना. म्हणून रविवारी घरी गेलो, लोणी भापकरच्या अलीकडं आमची वस्ती आहे. मेंढरं कधीच विकली, आता शेती. आई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. मी शर्ट वर केला आणि जरा तावातच विचारलं, "आई, हे कशापायी केलंस?"

तिनं मेथीतनं वर बघितलं नाही.

"म्हयन्याचा व्हतास. पोट ढोलावानी फुगल्यालं. रडायचंबी थांबलावतास. आपला तळ तवा पळसदेवच्या अंगाला, पान्याच्या कडंला. म्या आन् तुझ्या बानं तुला बारामतीला दवाखान्यात आणला. तितला मानूस म्हनला, घोंगडं भाईर ठेवा, मेंढराचा वास येतोय. ठिवलं. मग म्हनला, तुमीबी भाईरच बसा. बसलो पायरीवर. मानसं यायची, आत जायाची. आमाला कुनी हाक मारंना. दिस मावळला. डाक्टर गाडीत बसून गेला."

"मग?"

"मग काय? तळावर थोरल्या मामांनी विळा तापिवला. म्या तुझं पाय धरलं. ह्याच हातानं."

"बरा झालो व्हय त्यानं?"

"त्यानं का कशानं, देवाला ठावं. जगलास."

"कुठला डॉक्टर व्हता त्यो?"

"आता नाव कुठं ध्यानात ऱ्हातंय? पायरी ध्यानात हाय. पांढरी फरशी व्हती. लई थंड."

मी शर्ट खाली केला. तापलेल्या विळ्यानं पोट बरं होतं, असं मी कुणाला कधी सांगणार नाही. ती रीत वाईटच. माझ्याआधी त्याच तळावर एक लेकरू डागूनसुद्धा गेलं, हे आईनंच मागाहून सांगितलं. पण विळा तापायच्या आधी एक अख्खा दिवस होता आणि दवाखान्याचं दार उघडं होतं. आत घ्यायचं नव्हतं त्यांना. आणि तसल्याच दवाखान्यातनं आलेला एक माणूस भजं खात मला विचारतो, हे काय रे. परत शिसारी आली. या खेपेला स्वतःच्या पोटाची नव्हती.

सोमवारी परत आलो. संध्याकाळी पुस्तक घेऊन रणजीतच्या खोलीत गेलो, तर तिथं त्याचे मित्र बसलेले. एकाच्या हातात मोबाईल.

"ह्यांनी बघितलं न्हाय त्या दिवशी," रणजीत म्हणाला. "शर्ट वर कर की जरा. व्हिडिओ काढतो."

"न्हाय."

"आरं गंमत हाय, येड्या."

मी पुस्तक मिटून त्याच्या खाटेवर ठेवलं. "न्हाय म्हणलं ना. आन् ही पानंबी आजपासनं बंद. तुला लाल-हिरवं कळत न्हाय, रणजीत. वर गेल्यावर पाठांतर कामाला येत न्हाय. तू एकटा पडशील तर पड, संगं आनखी कुणाला पाडशील."

पहिल्यांदाच कुणी त्याला हे तोंडावर सांगितलं असंल. तो लालभडक झाला आणि थेट सरांना घेऊन आला.

"माज आला का रे?" सर ओरडले. "आबांच्या जागेत फुकट झोपतोस आन् आबांच्या पोराला बोलतोस? सामान काढ."

"काढतो सर. पण एक सांगतो. दूध सांडलं न्हवतं."

"मग जा की! जा आन् सांग तितं डागल्याचं! अडाणी म्हणून हाकलून देतील. माझा शिक्का न्हाय तुझ्या पाठीशी, ध्यानात ठेव."

बोर्ड मी पास केलं होतं. सरांच्या शिक्क्यानं नाही. एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला मला ट्रंक उचलावी लागली.

सकाळी उजाडल्यावर इंदापूर रस्त्यानं चालत स्टँडकडं निघालो. फ्लेक्सखालनं जाताना वर बघितलं. कोपऱ्यातला माझा फोटो ब्लेडनं कापून काढला होता. किती तत्परता! कामं अशी भराभर होतात होय आपल्याकडं! त्या चौकोनी भोकातनं मागचा ऊस दिसत होता. मी थुंकलो आणि पुढं गेलो.

आता घरीच तयारी चाललीय. सकाळी कॅनॉलच्या कडेनं पळतो. सरकारी दवाखान्यात जाऊन कान साफ करून घेतले, दात दाखवले. वजन आवरलं. वेळेवर झोपतो. कातडीच्या डॉक्टरकडं परत गेलो नाही, जाणारही नाही.

पुढच्या आठवड्यात बंगळूरला मेडिकल आहे. तिथंही कपडे काढावे लागतील, ठाऊक आहे. काढीन. तो तपासणारा बेंबीकडं बघून विचारील, हे काय. विचारणं त्याचं काम आहे. पास करायचं का घरी पाठवायचं, तेही त्यानंच ठरवायचं. त्यात मी रडणार नाही, कुणाच्या पाया पडणार नाही.

पण उत्तर माझं आहे. ते मी ताठ उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघून देणार: "सर, मी महिन्याचा होतो. आईबापांनी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं आत घेतलं नाही."

आणि म्हणणार, हे असंच्या असं लिहून घ्या.