वाळूत सापडलेला निळा सदरा

सुदानातून माणसं कोरडा नाला ओलांडून चादमध्ये पळून आली आणि जे जड झालं ते वाळूत टाकत आली. एका पायाची चप्पल, कॉफीचं मातीचं भांडं, पोरांची झबली. मागे बंदुका लागल्यावर कोण वाकून उचलतंय?

उचलायची ती कलतुमा. नाल्याच्या चादकडच्या काठावर एकटी राहणारी विधवा. रोज गाढव घेऊन जायची, सगळं गोळा करून आणायची आणि धुवायची. पाहुण्याची विसरलेली वस्तू मळकी परत द्यायची नाही, ही तिच्या वस्तीची रीत. दिली तर गावभर नाचक्की. विहिरीवर पाण्यासाठी ताटकळावं लागे, तरी बाई साबण लावून खसाखसा घासायची आणि काटेरी कुंपणावर वाळत घालायची.

"वहिनी, प्यायला पाणी नाही आणि तू चिंध्या कसल्या धुतेस? डोकं फिरलंय तुझं!" नणंद आश्ता करवादायची.

"चिंध्या असतील तुझ्या घरात! ही पाहुण्यांची अमानत आहे. मागायला आले तर काय तोंड दाखवू?"

आणि लोक यायचेही. कुणाला पातेलं मिळे, कुणाला ओढणी. दुवा देऊन जायचे. कलतुमा मनातून फुलायची. का फुलू नये?

एका दुपारी निर्वासितांच्या छावणीतून दरसलाम नावाची तरणी बाई आली. तिचं लेकरू वाटेतच तापाने गेलं होतं. नाल्याकाठी त्याला पुरलं, त्याचा निळा सदरा तेवढा कमरेला खोचला आणि ती पळाली. धावपळीत तोही गळून पडला.

कुंपणावर सदरा दिसताच तिने झडप घातली. काट्यांनी हात ओरबाडले तरी सोडला नाही. तोंडावर दाबून उभी राहिली. मग उलटा करून गळ्यापाशी हुंगला, काखेत हुंगला.

"आई, हा धुतलात तुम्ही?"

"धुतला गं बाळ! दोनदा घासला. लाळेचे, दुधाचे डाग होते, ते पण..." कौतुकाने सांगता सांगता कलतुमाच्या ध्यानात आलं, ती लेकराचा वास शोधत होती.

दरसलामने सदरा घडी करून उराशी धरला. "अल्ला तुमचं भलं करो. किती स्वच्छ धुतलात."

एवढंच बोलून ती गेली. शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

"मेले गं बाई मी! काय करून बसले!" कलतुमा कुंपणाकडे धावली. एकेक झबलं, एकेक ओढणी नाकाला लावत पार टोकापर्यंत गेली. सगळ्यांना साबणाचाच वास येत होता.